रेकॉर्ड डेट शुक्रवारची होती

माझ्या वाटणीचे शेअर मी एका रविवारी सकाळी, आमच्या जेवणाच्या टेबलावर, पिठाचे हात धुऊन सही करून दिले. ज्याला दिले तो माझा मित्र होता, आणि मी जिथे नोकरी करत होते त्या कंपनीचा मालकही. सही झाल्यावर त्याने दोन थालीपीठं खाल्ली, लोणी आणखी मागून घेतलं आणि निघताना नेहमीसारखा म्हणाला, "काकांना सांग, आलो होतो म्हणून."

काका म्हणजे माझे बाबा. आई गेल्यापासून ते बेळगावचं घर बंद करून आमच्याकडे बंगळूरला राहतात. त्या आठवड्यात मात्र ते एका लग्नासाठी बेळगावला गेले होते.

तो मूळचा पुण्याचा, इंजिनिअर. आमची ओळख झाली तेव्हा मी सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजर होते. तो पाणी शुद्ध करणारा प्लांट विकायला आला होता. त्याचं यंत्र चांगलं होतं, पण त्याला कन्नड येत नव्हतं आणि आमचा प्लंबर त्याच्या हिंदीला दाद देत नव्हता. मी बेळगावची, माझ्या तोंडात मराठी आणि कन्नड सारख्याच. मध्ये पडून तासाभरात काम मार्गी लावलं. जाताना तो गेटपाशी थांबला आणि म्हणाला, "तू माझ्याकडे ये. यंत्रं मी बघतो, माणसं तू बघ."

मी गेले. इंदिरानगरच्या एका आतल्या रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. पहिल्या वर्षी पगार अर्धाच मिळायचा, तोही कधी कधी उशिरा. उरलेल्या अर्ध्याच्या बदल्यात त्याने मला कंपनीचे शेअर दिले. शंभरातले चार. "आज त्याची किंमत चहाएवढी आहे," तो म्हणाला होता, "पण आहे तुझं." माझ्या नवऱ्याला ते पटलं नव्हतं. बाबांना पटलं. बेळगावच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर कॉमर्स शिकवलं होतं. ते म्हणाले, "नोकरीत तू राबतेस तेवढंच तुझं. शेअरात तू झोपलीस तरी तुझं. घे."

त्या दोघांचं चांगलं जमलं. तो महिन्यातून एखादा रविवार आमच्याकडे यायचा आणि माझ्यापेक्षा बाबांशीच जास्त बोलायचा. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. बाबांना शिकवायला कुणीतरी हवं होतं आणि त्याला शिकायला आवडायचं. एकदा तो आला तोच कुरकुरत. कुठल्याशा नावाजलेल्या कंपनीचा भरपूर लाभांश जाहीर झाला होता, म्हणून त्याने बाजारातून तिचे शेअर घेतले होते. पण लाभांश काही आला नव्हता.

"कधी घेतलेस?" बाबांनी विचारलं.

"रेकॉर्ड डेटच्याच दिवशी. बाजार उघडल्या उघडल्या."

बाबा हसले. "मग कसा मिळेल? गाडी हलल्यावर चढायला गेलास की तू."

मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. शिकवायचं असलं की ते चष्मा काढतात.

"बघ. आधी कंपनीची बैठक होते आणि लाभांश जाहीर होतो. पण द्यायचा कुणाला? शेअर तर रोज हात बदलतात. म्हणून कंपनी एक दिवस धरते. त्या दिवसाच्या शेवटी ज्याचं नाव आमच्याकडे असेल त्याला देऊ, म्हणते. ती रेकॉर्ड डेट. आता तू आज घेतलेला शेअर तुझ्या खात्यात येतो पुढच्या कामाच्या दिवशी. म्हणजे रेकॉर्ड डेटला घेतलास तर तुझं नाव लागणार दुसऱ्या दिवशी. उशीर झाला. त्या दिवशी सकाळपासूनच शेअर लाभांश वगळून विकला जातो, म्हणून त्या दिवसाला एक्स-डेट म्हणतात, एक्स म्हणजे वगळून. पूर्वी नाव चढायला जास्त दिवस लागायचे, तेव्हा एक्स-डेट आधी यायची आणि रेकॉर्ड डेट मागाहून. आता बहुतेक वेळा दोन्ही एकाच दिवशी. त्यानंतर काही दिवसांनी पैसे खात्यात येतात, तो वाटपाचा दिवस."

"म्हणजे एक दिवस आधी घेतला असता तर फुकटात मिळाला असता?"

"फुकट कुठलं आलंय? त्या सकाळी भाव साधारण तेवढाच खाली उघडतो. कंपनीच्या तिजोरीतून पैसे जाणार म्हटल्यावर कंपनी तेवढी हलकी झाली की."

मग त्याने विचारलं, "आणि समजा, एखाद्याने शेअर दहा वर्षं सांभाळले आणि रेकॉर्ड डेटच्या आदल्या आठवड्यात देऊन टाकले, तर?"

"तर लाभांश घेणाऱ्याचा. दहा वर्षांना कोण विचारतं?"

मी तेव्हा बाजूला बसून वालाच्या शेंगा सोलत होते. तो प्रश्न मला अगदी साधा वाटला. आजही मी असंच म्हणते की तेव्हा तो साधाच होता. त्याच्या मनात त्या दिवशी काही वाकडं असेल असं मला वाटत नाही. ते नंतर आलं, आणि नंतर आलं याचाच मला जास्त त्रास होतो.

कंपनी हळूहळू उभी राहिली. एका वर्षी त्याने सगळ्यांना बोनस शेअर दिले, एकाला एक. माझे शेअर दुप्पट झाले. मी घरी नाचतच आले. बाबांनी मला खाली बसवलं. "हाही लाभांशच, पण शेअरांच्या रूपातला. यात कंपनीतून रुपयाही बाहेर जात नाही. एका भाकरीचे चार तुकडे होते, आता आठ केले. भाकरी तेवढीच आणि तुझा हिस्साही तेवढाच. पण मन मोठं दिसतंय पोराचं. चांगलं आहे." त्या रात्री त्यांनी त्याला फोन करून शाबासकी दिली.

मग तो उन्हाळा आला, ज्यात बंगळूरच्या निम्म्या बोअरवेल आटल्या. बेळ्ळंदूरकडच्या उंच इमारतींमध्ये लोक बादल्या घेऊन टँकरची वाट बघत उभे राहिले. सांडपाणी शुद्ध करून झाडांना आणि फ्लशला वापरायची यंत्रं आम्ही बसवत होतोच. आता ती प्रत्येकाला कालच हवी होती. त्या उन्हाळ्यात मी घरी फक्त झोपायला जात असे. रोज कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरीची समजूत घालायची. "स्वल्प वेळ द्या अण्णा, उद्या माणूस येतोच" हे वाक्य मी झोपेतही बोलायचे, असं नवरा सांगतो. माझ्या मुलीच्या दहावीच्या परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी एका तळघरात पंपाशेजारी उभी होते. वर्ष संपत आलं तेव्हा कंपनीकडे इतका पैसा जमला होता की आम्ही दोघंही थोडे बावरलो होतो. ऑफिसही बेळ्ळंदूरला, काचेच्या इमारतीत गेलं होतं.

संक्रांतीच्या थोडं आधी, त्या रविवारी, तो घरी आला. एक मोठी कंपनी आमच्यात पैसे गुंतवायला तयार होती, हे मला माहीत होतं.

"त्यांची एक अट आहे," तो म्हणाला. "त्यांना भागधारकांत छोटी छोटी नावं नकोत. मी, बायको, बस. तुझे शेअर सध्या माझ्या नावावर कर. जुन्या ताळेबंदाप्रमाणे जी किंमत होते ती मी लगेच देतो. व्यवहार झाला की नवीन योजनेतून तुला परत देऊ. उलट थोडे जास्तच."

"घाई आहे का? बाबा बुधवारी येतायत. त्यांच्या कानावर घातलं असतं."

"अगं, फॉर्मॅलिटी आहे. काकांना कशाला त्रास? उद्या बोर्डाची बैठक आहे, त्यात हे उरकून टाकू."

मी सही केली. मी काही भोळी बाई नाही. सोसायट्यांच्या खजिनदारांशी भांडून मी पैसे वसूल केलेत. पण समोर तो होता. त्याच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी दोन रात्री दवाखान्यात बसले होते. माझ्या मुलीला सायकल त्याने शिकवली होती. अशा माणसाला 'कागद ठेवून जा, वाचून सांगते' म्हणणं मला अपमानाचं वाटलं. त्याचा अपमान, असं तेव्हा वाटलं होतं.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या बायकोने हळदीकुंकू केलं. ती साधी, हौशी मुलगी आहे. मला ताई म्हणते. कंपनीत तिचं नाव डायरेक्टर म्हणून आहे, पण तो सांगेल तिथे सही करण्यापलीकडे तिला त्यात रस नाही. मी तिळगूळ वाटायला मदत करत होते. बाकीच्या बायका बाहेर वाण बघत होत्या. ती स्वयंपाकघरात आली आणि लाडात म्हणाली, "ताई, मग तुम्ही काय करायचं ठरवलंय? आम्ही बाई देवनहळ्ळीला प्लॉट बघतोय."

"कशाचं काय ठरवलंय?"

"अहो, लाभांशाचं! परवाच आला ना खात्यात? एवढा येईल असं मला वाटलंच नव्हतं."

मी हातातली वाटी ओट्यावर ठेवली. "कधी जाहीर झाला गं?"

"ती सोमवारची बैठक झाली ना, त्यातच. आधी काहीतरी शेअर ट्रान्सफरचं होतं, त्यावर सह्या केल्या आणि मग हे. रेकॉर्ड डेट म्हणे त्याच शुक्रवारची." बोलता बोलता ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला काहीतरी उमगत गेलं. "ताई, ते ट्रान्सफर... कुणाचं होतं?"

मी हात पुसून बाहेर आले. तिने मला कुंकू लावलं. मी वाण घेतलं, पर्स उचलली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले.

गाडीत बसल्यावर सगळं एका ओळीत लागलं. रविवारी माझी सही. सोमवारी एकाच बैठकीत आधी माझे शेअर त्याच्या नावावर चढवले, आणि लगेच त्याच शेअरांवर लाभांश जाहीर केला. मग शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या नोंदीत मी कुठेच नव्हते. त्या उन्हाळ्याचा सगळा पैसा वाटला गेला, आणि माझा वाटा, जो माझ्या दीडेक वर्षाच्या पगाराएवढा झाला असता, त्याच्या वाट्याला लागला. बाजारातल्या कंपनीचा शेअर असता तर तारीख सगळ्या जगाला आधी कळली असती. आमच्या कंपनीत तारीख ठरवणारा तो, आणि ती माहीत असणाराही तोच.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या केबिनमध्ये गेले. बायकोने त्याला सांगितलं असणार, कारण त्याने मला बस म्हटलं नाही आणि कॉफीही मागवली नाही.

"रविवारी माझ्या घरी थालीपीठ खात होतास तेव्हा तुला शुक्रवार माहीत होता?"

तो खिडकीकडे बघत राहिला. खाली रिंग रोडवर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या.

"मीच ठरवला होता," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस."

इतकं सरळ उत्तर येईल याची माझी तयारी नव्हती. तो मात्र बोलत सुटला. "हे बघ, कायद्यात सगळं बसतं. तुला ठरलेली किंमत मिळाली. सुरुवातीला घर गहाण मी टाकलं होतं. रात्र रात्र झोप मला लागत नव्हती. तुला निदान अर्धा पगार तरी मिळत होता. नवीन लोक आले की माझा हिस्सा किती उरणार, सांग? हा एकच मोका होता. आणि तुला नवीन योजनेत देणारच आहे."

"आता तू काय देशील आणि मी कशाला घेईन?"

"भावनिक होऊ नकोस, प्लीज."

मी माझ्या टेबलावरची कात्री, पाण्याची बाटली आणि मुलीचा फोटो पिशवीत टाकला. मला रडू येत होतं, पण ते पैशासाठी नव्हतं हे त्याला समजावून सांगायची इच्छाच राहिली नव्हती. राजीनामा मी घरून पाठवला.

बाबांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. मला वाटलं, ते मला रागावतील. न विचारता सही केली म्हणून. ते उठून गॅलरीत जाऊन बसले. मग म्हणाले, "मी असतो तर एकच विचारलं असतं, उद्याच्या बैठकीत आणखी काय काय आहे?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मीच शिकवलं की गं त्याला हे."

"बाबा, तुम्ही शिकवलं नसतंत तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं."

"दुसऱ्याने सांगितलं असतं तर चाललं असतं."

त्यानंतरच्या मंगळवारी मी भाजी घेऊन आले तर बाबा घरात नव्हते. फोन टेबलावरच होता. दोन तासांनी आले, घामाघूम. बेळ्ळंदूरला जाऊन आले होते, रिक्षाने. त्या रहदारीत, त्या उन्हात. स्वागतकक्षात त्यांनी नाव सांगितलं आणि बसून राहिले. तो धावत बाहेर आला म्हणे, पायाला हात लावायला वाकला. बाबांनी पाय मागे घेतले.

"काय बोललात तुम्ही?" मी विचारलं.

"पैशाचं काही नाही बोललो. मी फक्त विचारलं, त्या रविवारी मी बेळगावात आहे हे तुला येण्याआधीच माहीत होतं का?"

"मग?"

"'हो काका' म्हणाला."

बाबांनी पाणी मागितलं. ग्लास हातात घेऊन ते तसेच बसले. मी त्यांना आयुष्यात दोनदाच इतकं म्हातारं झालेलं पाहिलं. एकदा आई गेली तेव्हा, आणि एकदा त्या दुपारी.

नवऱ्याच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सही तुम्ही राजीखुशीने केली आहे, हे तुमच्या विरुद्ध जातं, त्या म्हणाल्या. पण डायरेक्टरने लाभांशाची गोष्ट लपवून शेअर स्वतःच्या नावावर करून घेतले, हे त्याच्याही विरुद्ध जातं. कोर्टात गेलात तर वर्षं जातील. आपण आधी नोटीस पाठवू. नोटीस गेली. गुंतवणूक करणाऱ्या कंपनीला भांडणाची कुणकुण नको होती, त्यामुळे त्याच्या वकिलाचा फोन लवकरच आला. लाभांशातला माझा वाटा द्यायला तो तयार झाला. शेअर परत द्यायला नाही. वकीलबाई म्हणाल्या, घ्या. मी पैसे घेतले.

पैसे आले त्या दिवशी मुलीने त्याच्याबद्दल विचारलं, "म्हणजे आता काकाशी कट्टी संपली?" मी म्हटलं, नाही. ती 'का' म्हणाली नाही. आता ती काही लहान राहिलेली नाही.

त्याच्या बायकोने डायरेक्टरपद सोडल्याचं एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. तिने मला एकच मेसेज पाठवला होता: 'ताई, मला खरंच माहीत नव्हतं.' माझा तिच्यावर विश्वास आहे. तरीही मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. उत्तर दिलं तर ती भेटू म्हणेल, आणि भेटलो की त्याचा विषय निघेल.

बाबा रविवारी अजूनही शेअरांची पानं वाचतात. परवा माझ्या नवऱ्याने सहज विचारलं, "बाबा, त्या बँकेची रेकॉर्ड डेट कधी आहे हो?" बाबांनी पान त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "त्यात दिलीय. बघ." चष्मा काढला नाही.

मी आता दुसऱ्या एका कंपनीत आहे, काम साधारण तेच. पगार पूर्ण, शेअर नाहीत. त्यांनी देऊ केले होते, मी नको म्हटलं. गेल्या महिन्यात बेळ्ळंदूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे जावं लागलं. तिथला म्हातारा इमारत-मॅनेजर मला बघून खूश झाला. चावी शोधता शोधता त्याने कन्नडमध्ये विचारलं, "एकट्याच आलात अक्का? तुमचे पार्टनर कुठं असतात हल्ली?"

"ते पार्टनर नव्हते अण्णा," मी म्हटलं, "मालक होते."

"सरी, बरं," तो म्हणाला, आणि प्लांटरूमचं कुलूप उघडून मला आत जाऊ दिलं.